पश्चिमेस समुद्र: पलीकडचा देश शेजारी मानायचा का?

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस अमुक यांची जमीन, दक्षिणेस तमुक यांची, उत्तरेस गाडीवाट आणि पश्चिमेस ओढा. ओढ्यापलीकडे ज्याचं शेत असतं त्याचं नाव त्या कागदावर येत नाही. पण पावसाळ्यात ओढ्याने काठ खाल्ला, कुणी बांध घालून पाणी वळवलं, कुणी ओढ्यात मोटर सोडली, की बोलणं आणि भांडण दोन्ही त्याच माणसाशी होतं. कागदावर ओढा असतो, रोजच्या जगण्यात तिथे शेजारी असतो.

देशांच्या बाबतीत हाच प्रश्न मोठा होऊन उभा राहतो. आपण शाळेत भारताच्या चतुःसीमा शिकलो: पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस बंगालचा उपसागर, दक्षिणेस हिंदी महासागर. उत्तरेकडे देशांची नावं आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना पाण्याची. मग या पाण्यापलीकडे जे देश आहेत ते आपले शेजारी मानायचे की नाही?

भारताला शेजारी किती, असं चार जणांना विचारलं तर तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात. जमिनीची हद्द लागते ते सात: पाकिस्तान, अफगाणिस्तान, चीन, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि म्यानमार. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेला माणूस त्यात श्रीलंका आणि मालदीव घालून नऊ म्हणतो. आणि ज्याने समुद्री हद्दींचे करार पाहिले आहेत तो इंडोनेशिया आणि थायलंड धरून अकरावर पोचतो.

मला अकरा हे उत्तर बरोबर वाटतं. सातांच्या यादीत अफगाणिस्तान आहे. त्याच्याशी लागणारी १०६ किलोमीटरची हद्द जुन्या जम्मू-काश्मीर राज्याच्या ज्या भागात आहे तो पाकिस्तानच्या ताब्यात आहे, त्यामुळे आज तिथपर्यंत आपला कुणी अधिकारी जाऊ शकत नाही. भारताचा त्या भागावरचा हक्क कायम आहे, म्हणून ते नाव यादीत असणं योग्यच आहे. पण मग ज्या इंडोनेशियाशी आपण १९७४ सालीच हद्दीच्या करारावर सही केली, त्याला यादीबाहेर का ठेवायचं? मध्ये पाणी आहे एवढंच कारण पुरेसं नाही. का नाही, ते समजण्यासाठी समुद्रात बांध कसे पडले हे पाहावं लागेल.

तोफेच्या टप्प्यापासून दोनशे मैलांपर्यंत

काही शतकं युरोपातल्या दर्यावर्दी देशांमध्ये एक सरळ हिशेब चालला. किनाऱ्यावरची तोफ जिथवर गोळा टाकू शकते तेवढं पाणी त्या देशाचं. हे अंतर पुढे तीन सागरी मैल असं ठरून गेलं. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, म्हणजे तीन मैल साधारण साडेपाच किलोमीटर. त्यापलीकडचा समुद्र कुणाचाच नव्हता. त्या काळात समुद्राने वेगळे झालेले देश खरोखरच एकमेकांना लागत नसत, कारण दोन्ही बाजूंच्या चिंचोळ्या पट्ट्यांच्या मध्ये मोकळं पाणी पसरलेलं असे.

हे बदललं ते तेलामुळे आणि मासळीमुळे. सप्टेंबर १९४५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जाहीर केलं की आमच्या किनाऱ्याला लागून असलेल्या समुद्रबूड जमिनीतली संपत्ती आमची. मग १९५२ मध्ये चिली, पेरू आणि इक्वेडोर यांनी मासळीसाठी थेट दोनशे सागरी मैलांवर दावा सांगितला. एकाने कुंपण पुढे सरकवलं की दुसरा गप्प बसत नाही. भारतानेही आपला प्रादेशिक समुद्र तीन मैलांवरून १९५६ मध्ये सहा आणि १९६७ मध्ये बारा मैलांवर नेला. शेवटी अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातल्या माँटेगो बे इथे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारावर सह्या झाल्या. तो १९९४ मध्ये लागू झाला आणि १९९५ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. आपला स्वतःचा सागरी हद्दींचा कायदा मात्र त्याच्याही आधीचा, १९७६ चा आहे.

या व्यवस्थेत हद्द एकच नसते, ती थराथरांनी असते. ओहोटीच्या रेषेपासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा प्रादेशिक समुद्र. हे देशाचं अंगण म्हणता येईल. मालकी पूर्ण आपली, वरच्या आकाशासकट. परक्या जहाजाला त्यातून त्रास न देता सरळ निघून जाण्याची मुभा आहे, पण रेंगाळायची नाही. चोवीस मैलांपर्यंतच्या पट्ट्यात जकात, तस्करी, बेकायदा प्रवेश यांवर कारवाई करता येते. आणि दोनशे सागरी मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र. हे अंगणाच्या पुढचं शेत. इथली मासळी, तेल, वायू, वाऱ्यापासून काढलेली वीज यांवर हक्क आपला, पण पायवाट सगळ्यांची. कुठल्याही देशाचं जहाज तिथून जाऊ शकतं. समुद्रबूड जमीन, जिला पुस्तकात भूखंडमंच म्हणतात, ती त्याहून लांब गेली असेल तर तळावरचा हक्क ठरावीक अटींवर साडेतीनशे मैलांपर्यंत किंवा क्वचित त्याहूनही पुढे मागता येतो.

या शेताची किंमत मुंबईकरांना वेगळी सांगायला नको. मुंबई हायचं तेल १९७४ मध्ये सापडलं आणि १९७६ मध्ये ते काढायला सुरुवात झाली. ते क्षेत्र किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून लांब आहे, बारा मैलांच्या अंगणाबाहेर कितीतरी दूर. त्या तेलावर आपला हक्क आहे तो समुद्रबूड जमिनीच्या याच नियमामुळे.

आता बेरीज करून पाहा. दोन्ही किनाऱ्यांवरून दोनशे-दोनशे मैल मोजले तर ज्या दोन देशांमध्ये चारशे सागरी मैलांहून कमी समुद्र आहे, त्यांची शेतं एकमेकांवर चढतात. मग कुठेतरी रेषा आखावीच लागते. रेषा आखली की बांध सामाईक झाला, आणि ज्याच्याशी बांध सामाईक तो शेजारी. समुद्र जिथे होता तिथेच राहिला, त्याच्या दोन्ही काठांवरच्या हद्दी वाढून एकमेकींना भिडल्या. म्हणूनच आपले बहुतेक समुद्री शेजार १९७० नंतरच्या काळातले आहेत.

हाच हिशेब उलट बाजूनेही लावता येतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभं राहून नाकासमोर पश्चिमेला पाहिलं तर समोरचा किनारा ओमानमधल्या सलालाहचा आहे. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर, १७ अंश उत्तरेला आहेत. मध्ये दुसरी जमीन नाही. पण अंतर आहे सुमारे २,००० किलोमीटर, म्हणजे हजाराहून जास्त सागरी मैल. आपले दोनशे आणि त्यांचे दोनशे वजा केले तरी मध्ये सहाशेहून अधिक मैलांचा खुला समुद्र उरतो, जो कुणा एका देशाचा नाही. मोसमी वाऱ्यांवर शतकानुशतकं गलबतं या पाण्यातून गेली, आणि आजही कोकणातल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस आखातात नोकरीला असतो. नातं पक्कं आहे, पण बांधाला बांध लागत नाही.

समोरचा शेजारी आणि बाजूचा शेजारी

सागरी कायद्याला हा सगळा शेजार नीट ठाऊक आहे. १९८२ च्या करारात दोन देशांच्या किनाऱ्यांचे दोन प्रकार केले आहेत: समोरासमोरचे आणि एकमेकांना लागून असलेले. चाळीत राहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. एक समोरच्या दाराचं बिऱ्हाड, दुसरं भिंतीला भिंत लागलेलं. दोन्ही शेजारीच, पण त्यांच्याशी होणारे तंटे वेगळे.

याच करारात, द्वीपसमूहांच्या देशांविषयीच्या भागात, ‘लगतचा शेजारी देश’ असा शब्दप्रयोग चक्क पाण्यापलीकडच्या देशासाठी केलेला आहे. अशा द्वीपसमूहाच्या पाण्यात शेजारी देशाचे लोक परंपरेने मासेमारी करत असतील तर तो हक्क मानावा, असं ते कलम सांगतं. मलेशियाचे दोन मोठे भाग एकमेकांपासून लांब आहेत आणि मधल्या समुद्रात इंडोनेशियाची बेटं येतात. १९८२ मध्येच या दोघांनी करार करून मलेशियाचे तिथले जुने हक्क लिहून ठेवले. तेव्हा ‘समुद्रापलीकडचा देश कायद्याने शेजारी असतो का’ या प्रश्नाचं उत्तर करारातच लिहिलेलं आहे.

समोरासमोरच्या किनाऱ्यांमध्ये रेषा आखणं तुलनेने सोपं असतं. दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर असलेले बिंदू जोडायचे. भारताने १९७४ ते १९७८ या चार-पाच वर्षांत अशी बरीच कामं उरकली. श्रीलंकेशी १९७४ आणि १९७६ मध्ये, इंडोनेशियाशी १९७४ आणि १९७७ मध्ये, मालदीवशी १९७६ मध्ये, थायलंडशी १९७८ मध्ये. म्यानमारशी १९८६ मध्ये झालं. तीन देशांच्या हद्दी जिथे मिळतात ते बिंदूही ठरवले गेले. जमिनीवर अशा ठिकाणी दगड पुरतात, तिथे फक्त अक्षांश-रेखांश आहेत आणि लाटा आहेत. इतक्या देशांशी, एवढ्या मोठ्या पाण्यावर, एकही गोळी न झाडता ठरलेल्या या हद्दी आहेत. आपल्याकडे याची चर्चा फारशी होत नाही, याची मला खंत वाटते.

बाजूच्या शेजाऱ्याशी मात्र गुंता होतो. बांगलादेशचं प्रकरण त्यासाठी समजून घेण्यासारखं आहे.

बंगालच्या उपसागराचा वरचा किनारा आत वळलेला आहे, वाटीच्या तळासारखा. त्या तळाशी बांगलादेश, पश्चिमेच्या कडेला भारत आणि पूर्वेच्या कडेला म्यानमार. आता अशा आत वळलेल्या रस्त्यावरची तीन घरं डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक दोन घरांच्या मधोमध रेषा काढून ती पुढे वाढवली तर कडेच्या दोघांची अंगणं पसरत जातात आणि मधल्या घराच्या दोन्ही रेषा थोड्याच अंतरावर एकमेकींना मिळतात. त्याच्या वाट्याला एक त्रिकोणी तुकडा येतो आणि पुढचा मोकळा समुद्र बंद होतो. सारखं अंतर मोजलं म्हणजे न्याय झाला, असं इथे होत नाही. उत्तर समुद्रात पश्चिम जर्मनीची हीच अडचण होती, आणि १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की समान अंतराचा नियम सगळीकडे डोळे मिटून लावायचा नाही.

बांगलादेशाने २००९ मध्ये भारत आणि म्यानमार या दोन्ही शेजाऱ्यांविरुद्ध दाद मागितली. म्यानमारबरोबरचा निकाल २०१२ मध्ये लागला. भारताबरोबरचा निकाल हेग इथल्या लवादाने ७ जुलै २०१४ रोजी दिला. वादात असलेलं क्षेत्र होतं २५,६०२ चौरस किलोमीटर. त्यातलं १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला मिळालं. लवादाने समान अंतराची रेषा आधी काढली आणि मग किनारा आत वळलेला आहे हे लक्षात घेऊन ती बांगलादेशाच्या बाजूने वळवली. भारताने हा निकाल स्वीकारला. मोठ्या देशाने छोट्या शेजाऱ्याविरुद्धचा निकाल मान्य करावा, हे जगात रोज घडत नाही.

या वादाच्या पोटात एक बेटही होतं. १९७० च्या चक्रीवादळानंतर हरियाभंगा नदीच्या मुखाशी वाळूचा एक उंचवटा दिसू लागला. आपण त्याला न्यू मूर म्हणत होतो, बांगलादेशात दक्षिण तलपट्टी. १९८१ मध्ये तिथे नौदलाचं जहाज गेलं, झेंडा लागला. लवादाचा निकाल येईपर्यंत ते बेट पाण्याखाली गेलेलं होतं.

शेजारी कोण, हे विचारणारा कोण त्यावर

जगातल्या देशांच्या माहितीच्या कोष्टकांत ‘सीमेवरचे देश’ असा रकाना असतो आणि त्यात बहुधा फक्त जमिनीची हद्द मोजतात. त्या हिशेबाने जपान, श्रीलंका, मालदीव, आइसलँड, न्यूझीलंड, मादागास्कर यांना जगात एकही शेजारी नाही. हे वाचताना काहीतरी चुकतंय असं वाटतं ना? जपानच्या इतिहासात कोरिया आणि चीन सतत आहेत. तो रकाना खोटा नाही, तो फक्त जमिनीपुरता आहे.

युद्धांचा अभ्यास करणाऱ्यांनी यावर छान तोडगा काढला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९६३ मध्ये ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. शेजारी देश एकमेकांशी जास्त लढतात हे उघड दिसत होतं, पण शेजारी म्हणजे कोण ते आकड्यांत बसवायला हवं होतं. त्यांनी शेजाराच्या पाच पायऱ्या केल्या. पहिली, जमीन किंवा नदीची हद्द. मग मध्ये बारा मैलांपर्यंत पाणी, चोवीस मैलांपर्यंत, दीडशे मैलांपर्यंत, आणि शेवटची चारशे मैलांपर्यंत. शेवटचा आकडा चारशेच का, ते वर आलंच आहे. शेजार हा हो किंवा नाही असा नसून कमी-जास्त असतो, ही त्यांची कल्पना मला पटते. आपलं मनही तसंच मोजतं.

याच पायऱ्यांवर पाहिलं तर अमेरिका आणि रशिया अगदी जवळचे शेजारी ठरतात. बेरिंगच्या सामुद्रधुनीत डायोमीड नावाची दोन बेटं आहेत, थोरलं रशियाचं आणि धाकटं अमेरिकेचं. त्यांच्यात अंतर जेमतेम चार किलोमीटर. मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते, त्यामुळे एका बेटावर आज असतो तेव्हा दुसऱ्यावर बहुतेक वेळ काल असतो. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया हेही समुद्री शेजारी आहेत, कारण ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडचं न्यू कॅलेडोनिया हे बेट फ्रान्सचं आहे.

एकच भाषा, मध्ये रेषा

आता भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीकडे येऊ, कारण समुद्री शेजाराचं सगळं सुखदुःख तिथे एकत्र दिसतं.

धनुष्कोडी आणि श्रीलंकेतलं तलैमन्नार यांच्यात अंतर आहे साधारण तीस किलोमीटर. म्हणजे चोवीस सागरी मैलांहून कमी. इथे दोन्ही देशांची नुसती शेतंच लागून नाहीत, अंगणंही भिडलेली आहेत. मालदीवशी आपली हद्द मासळी, तेल आणि समुद्रतळ यांच्या हक्काची आहे. श्रीलंकेशी ती या भागात पूर्ण सार्वभौमत्वाची आहे, जमिनीवरच्या सीमेइतकीच पक्की.

आणि हे पाणी लोकांना कधीच अडवणारं वाटलं नव्हतं. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला आणि मद्रासहून निघणारी ‘बोट मेल’ नावाची आगगाडी थेट धनुष्कोडीपर्यंत जाऊ लागली. तिथे आगबोटीत बसायचं, तलैमन्नारला उतरायचं आणि पुढच्या गाडीने कोलंबो गाठायचं. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केलं. नंतर रामेश्वरमहून बोटी सुटत राहिल्या, पण श्रीलंकेतलं यादवी युद्ध पेटलं आणि तेही थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिणम ते कांकेसंतुरै अशी प्रवासी बोट पुन्हा सुरू झाली, जवळपास चाळीस वर्षांनी.

मधल्या काळात रेषा आखली गेली होती. १९७४ च्या करारात २८५ एकरांचं कच्चतीवू हे बेट श्रीलंकेच्या बाजूला गेलं. बेटावर गोड पाणी नाही, वस्ती नाही. आहे ते संत अँथनीचं चर्च, आणि दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला भरणारी जत्रा. करारातच असं कलम आहे की भारतीय मच्छीमार आणि यात्रेकरू पूर्वीप्रमाणे तिथे जाऊ शकतील आणि त्यांना व्हिसा लागणार नाही. आजही रामेश्वरमहून होड्या जत्रेला जातात. पण १९७६ मध्ये दोन सरकारांनी एकमेकांना पत्रं लिहून ठरवलं की एकाच्या मच्छीमारांनी दुसऱ्याच्या पाण्यात मासेमारी करायची नाही. म्हणजे बेटावर जायचं, प्रार्थना करायची, जाळी वाळवायची, पण वाटेत जाळं टाकायचं नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांनी ते पाणी दोन्ही बाजूंनी एकच मानलं, त्यांना हे पटवून देणं सोपं नव्हतं आणि अजूनही नाही.

पुढे दुखणं वाढलं ते ट्रॉलरमुळे. तमिळनाडूकडचे ट्रॉलर तळ खरवडत जाणारी जाळी ओढतात. त्यात लहान मासळी, अंडी, तळावरची वनस्पती सगळंच येतं. यादवी युद्धाच्या काळात उत्तर श्रीलंकेतल्या मच्छीमारांना समुद्रात जायला बंदी होती, ते पाणी रिकामं होतं आणि इकडच्या बोटी तिकडे जाऊ लागल्या. २००९ मध्ये युद्ध संपलं, तिकडचे लोक आपल्या लहान होड्या घेऊन परतले, तर त्यांची जाळी ट्रॉलरखाली फाटू लागली. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. आता त्यांचं नौदल इकडच्या बोटी पकडतं, खलाशी तुरुंगात जातात, कुटुंबं रामेश्वरमला रस्त्यावर बसतात. दोन्हीकडचे मच्छीमार तमिळ बोलतात, दोन्हीकडे देव तेच आहेत. हा तंटा दोन परक्या लोकांचा नाही, शेजाऱ्यांचाच आहे.

अशा ठिकाणी दुसरी वाट असू शकते, हे ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांनी दाखवलं. टॉरेसच्या सामुद्रधुनीत ऑस्ट्रेलियाची सायबाय, बोईगू अशी बेटं आहेत. सायबायहून पापुआ न्यू गिनीचा किनारा चारेक किलोमीटरवर, उघड्या डोळ्यांनी दिसतो. १९७८ मध्ये सही झालेल्या आणि १९८५ पासून लागू असलेल्या करारात त्यांनी दोन रेषा आखल्या: एक समुद्रतळासाठी आणि दुसरी मासळीसाठी. काही ठिकाणी पाण्यातला मासा एका देशाच्या हक्काचा आणि त्याखालचा तळ दुसऱ्याच्या, असं आहे. शिवाय एक संरक्षित पट्टा ठरवला. तिथले मूळ रहिवासी सण, लग्न, देवाणघेवाण, परंपरागत मासेमारी यांसाठी पासपोर्ट-व्हिसाशिवाय या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जातात. एकाच रेषेवर सगळा भार टाकला नाही, आणि रेषेआधी तिथे माणसं होती हे कागदावर मान्य केलं. पाल्कमध्ये हे जसंच्या तसं करता येणार नाही, कारण तिथे शेकडो ट्रॉलर आहेत. पण विचार करण्यासारखं त्यात पुष्कळ आहे.

घरापेक्षा जवळचा शेजारी

लक्षद्वीपच्या दक्षिण टोकाला मिनिकॉय हे बेट आहे. लक्षद्वीपचं त्याला सर्वांत जवळचं बेट, कल्पेनी, सुमारे २०० किलोमीटरवर आहे. मालदीवचं उत्तरेकडचं बेट मात्र सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मिनिकॉयचे लोक महल बोलतात आणि ती मालदीवच्या दिवेही भाषेचीच बोली आहे. बाकीच्या लक्षद्वीपात मल्याळमच्या जवळची भाषा चालते. या बेटावरच्या माणसाला मालदीव शेजारी आहे का, असं विचारावंही लागत नाही.

दुसऱ्या टोकाला ग्रेट निकोबारवरचा इंदिरा पॉइंट. तिथून इंडोनेशियाचं सुमात्राजवळचं बेट साधारण १६० किलोमीटरवर, आणि आपलं श्री विजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) त्याच्या तिपटीहून लांब. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळ हलला तेव्हा इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खचली. तिथल्या दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. त्सुनामीने हद्दीच्या रेषा विचारल्या नाहीत. त्यानंतर हैदराबादला त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र उभं राहिलं. २००७ पासून ते काम करतं, आणि २०११ पासून भारत, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया मिळून हिंदी महासागराच्या काठावरच्या देशांना इशारे देतात. बारा मैल, दोनशे मैल हे आकडे बाजूला ठेवले तरी, संकटात एकमेकांना आधी हाक मारणाऱ्याला मराठीत शेजारीच म्हणतात.

बांध न पडलेली बाजू

आपल्या चतुःसीमेत एकच समुद्री बाजू अजून मोकळी आहे, ती पाकिस्तानची. तिचं कारण समुद्रात नसून चिखलात आहे. कच्छच्या पश्चिमेला सर क्रीक नावाची ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. पाकिस्तान म्हणतो हद्द पूर्वेच्या काठावरून जाते, म्हणजे खाडी पूर्ण त्यांची. भारत म्हणतो ती प्रवाहाच्या मधोमध आहे. दोघेही हवाला देतात तो १९१४ च्या एकाच ठरावाचा, आणि तो ठराव मुंबई सरकारचा आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, १९३६ मध्ये तो वेगळा झाला. कच्छचे राव आणि सिंध यांच्यातला जळणाच्या लाकडांवरून निघालेला तंटा मुंबईत मिटवला गेला होता. १९६८ मध्ये कच्छच्या रणाचा लवादी निवाडा झाला, पण खाडी त्यातून बाहेर राहिली.

खाडीत हद्द कुठे संपते ते ठरलेलं नाही, त्यामुळे समुद्रातली रेषा कुठून सुरू करायची तेही ठरत नाही. सुरुवातीचा बिंदू थोडा सरकला की समुद्रात जाईपर्यंत हजारो चौरस किलोमीटर इकडचे तिकडे होतात. आणि ठरलेल्या रेषेच्या जागी तिथे आहे एक अंदाज, जो रात्रीच्या वाऱ्यात आणि ओढत्या प्रवाहात तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, सांभाळावा लागतो.

पालघर, डहाणू भागातली अनेक माणसं हंगामात गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट पकडली गेली की तीही कराचीच्या तुरुंगात पोचतात. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. पालघरकडच्या ज्या घरातला माणूस परतलेला नसतो, त्या घरात त्या दोन तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवलेल्या असतात.